माझे बूट भिवंडीत राहिले, त्याची हकिकत

सर्व संबंधितांस व असंबंधितांस जाहीर कळविण्यात येते की, राहणार सातारा, वय वर्षे त्रेपन्न, गुडघे दोनपैकी दीड चालू, नाव मंदाकिनी, धंदा गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणे, ही बाई भिवंडी येथे जाऊन सुखरूप परत आली आहे. जाताना पायांत असलेले बूट मात्र तिच्यासोबत परत आलेले नाहीत. ते हरवलेले नाहीत, चोरीसही गेलेले नाहीत. ते शास्त्राच्या सेवेत रुजू झाले आहेत. सबब कोणी शोधाशोध करू नये.

एवढी गंभीर घोषणा झाल्यावर आता मोकळेपणाने बोलते.

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, येताना फोटो आणि सर्दी घेऊन येतात. भिवंडीला कुणी फिरायला जात नाही. माझ्या दुकानातल्या मावळ्यांचे अंगरखे, वासुदेवाचा झगा, झाडाची भूमिका करणाऱ्या मुलांचे हिरवे डगले, या सगळ्यांचं कापड तिथून येतं. पण कापडाच्या माहेरी जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. वाटायला लावलं ताईने. तिचा फोन आला, "मंदे, लगेच ये. कापड घ्यायला आले म्हणून सांग. खरं कारण आल्यावर सांगते."

ज्या बाईच्या कपाटात सात राण्या आणि चार चेटकिणी टांगलेल्या आहेत, तिला असं आमंत्रण नाकारता येत नाही. मी कंदी पेढ्यांचा एक किलोचा डबा बांधून घेतला, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेले नवे बूट घातले (तळवे असे जाड की चालताना आपण गादीवरून निघालोय असं वाटावं) आणि निघाले.

सोमवार. पडघा, चुकून

ठाण्याहून शहापूरच्या एसटीत बसले आणि कंडक्टरला "भिवंडी आली की उठवा" असं बजावून झोपले. कंडक्टर विसरला, का मी उठले नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. जाग आली तेव्हा बाहेर ट्रकांची रांग, भाजीचे ढीग आणि लांबवर गोदामांची निळी छपरं दिसत होती. शेजारी दुधी भोपळ्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती.

"मावशी, भिवंडी कधी येणार?"

"भिवंडी? भिवंडी तं कवाच मागं रायली. ह्यो पडघा हाय." मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "आन् यवढं जाड बूट घालून झोपली व्हतीस? जमीन कशी कलायची तुला?"

जमीन कशी कळायची! मी हसले आणि विसरले. गावातली माणसं पुढच्या घटनांची जाहिरात अशी फुकटात करून जातात आणि आपलं लक्ष नसतं. तिने दिलेल्या एका दुधी भोपळ्यासह मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले.

त्याच दिवशी, भिवंडी

ताईचं घर पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी. समोर पंधरा फुटांची गल्ली आणि गल्लीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. तो आवाज कसा सांगू? शंभर बायका एकाच वेळी पत्र्यावर लाटणी बडवतायत आणि त्यातली एकही दमत नाही, असा. साताऱ्यात आम्ही शेजाऱ्याच्या मिक्सरवरून भांडतो. इथे त्या आवाजात लोक लग्न ठरवतात, बाळं झोपवतात. ताईच्या घरात तर निम्मा संसार हातवाऱ्यांवर चालतो. दोन बोटं म्हणजे अजून दोन भाकऱ्या, चिमूट म्हणजे मीठ कमी. मला वाटलं, मूकनाट्य बघायला तिकीट काढून जावं लागतं, हे इथे रोज फुकट.

तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आणि वालाचं बिरडं. आमच्या ज्वारीच्या भाकरीसमोर ती भाकरी म्हणजे पैलवानासमोर नवरी. मी चार खाल्ल्या. मग खिडकी लावून घेऊन ताईने खरं कारण सांगितलं.

कारण होतं माझी भाची, मुक्ता. वय पंचवीस, यंत्रशास्त्रात एम. ई., अभ्यास यंत्रांच्या कंपनांचा. यंत्र बिघडण्याआधी कसं थरथरतं, यावर ती जेवता जेवता इतकं बोलू शकते की वरण थंड होतं. तिला पीएच.डी. करायची होती आणि जागा मिळत नव्हती. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फर्मान काढलं होतं: येत्या सोमवारपर्यंत काही झालं नाही, तर जवळच्या वळ गावातल्या गोदामातली सुपरवायझरची नोकरी धरायची. त्या नोकरीचं पत्र टीव्हीवर ठेवलेलं होतं, गणपतीच्या फोटोला टेकवून.

"तू त्यांना समजाव," ताई म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

माझं आजवर कुणीच ऐकलेलं नाही. पण नाटक्या माणसाला भूमिका दिली की तो पात्रता विचारत नाही.

रात्री मुक्ताने मला ही पीएच.डी.ची भानगड समजावून सांगितली. मला वाटायचं, फॉर्म भरला, परीक्षा दिली, की कॉलेजात नाव लागतं. आपल्याकडे परीक्षा असते, मुलाखत असते. ती तिने दोन ठिकाणी दिली होती आणि दोन्हीकडे यादीत एकेका नावाने मागे राहिली होती. पण बाहेरच्या बऱ्याच देशांत तऱ्हा वेगळी. तिथे एखाद्या प्राध्यापकाकडे एक प्रश्न असतो आणि त्या प्रश्नासाठी मंजूर झालेला निधी असतो. त्या प्रश्नाबरोबर चार वर्षं राहील असं माणूस तो शोधत असतो. पगारसुद्धा देतो.

"म्हणजे प्रश्नाला स्थळ बघतात," मी म्हटलं.

"अगदी! आणि मावशी, आपण पत्र लिहायचं ते 'मला घ्या हो' असं नाही. त्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग आपल्याला त्यात काय खटकलं, काय सुचलं, ते आठ ओळींत लिहायचं."

"मग तू लिहिलंस?"

"एकतीस जणांना. कुणी उत्तर दिलं नाही. मग बाबा म्हणाले, आता माझ्या पद्धतीने लिहू."

दाजींची पद्धत! ते पत्र मी स्वतः पाहिलं, म्हणून सांगते. वर विषय, खाली संदर्भ, "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" याचं शब्दशः इंग्रजी, तीन पानं. सोबत सतरा जोडपत्रं: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, रहिवासाचा दाखला, चित्रकलेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा चारित्र्याचा दाखला. शेवटी पत्ता. पत्ता म्हणजे प्रवासवर्णनच: पहिला मजला, पिठाच्या गिरणीच्या वर, यंत्रमाग कारखान्यासमोर, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. कंसात 'पलीकडे नव्हे'.

"पत्ता कशाला एवढा?" मुक्ता तेव्हा म्हणाली होती. "ईमेल आहे ना बाबा, पोस्टमन येणार नाहीये."

"पत्ता अर्धवट असेल तर अर्ज अर्धवट," दाजी म्हणाले. थकलेल्या मुलीने मान डोलावली. असे अकरा अर्ज गेले. आणि गंमत बघा, त्या अकरांपैकी एकाचं उत्तर आलं.

उत्तर होतं युरोपातल्या एका थंड देशातल्या प्राध्यापिकेचं. यंत्रं आवाजावरून कशी तपासावीत, हा तिचा विषय. चार ओळी. 'गुरुवारी तुमच्याकडच्या चार वाजता व्हिडिओवर बोलू. येताना तुमचा स्वतःचा एक प्रश्न घेऊन या. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नसेल, असा.'

"मग आहे ना तुझ्याकडे प्रश्न?"

मुक्ताने वही उघडून दाखवली. चाळीस प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिलेले. आणि चाळीसही खोडलेले. "प्रत्येकाचं उत्तर कुणीतरी आधीच देऊन ठेवलंय, मावशी," ती म्हणाली. "आणि आपल्या बाबतीत त्या काय बघून भुलल्या, तेही मला कळत नाहीये."

मंगळवार. वळ

दाजी न्यायी माणूस. त्यांचं म्हणणं होतं की आधी गोदाम बघा, मग मत द्या. म्हणून आम्ही तिघं वळला गेलो.

मी अनेक देवळं पाहिली आहेत, पण इतकं उंच छप्पर कुठल्याच देवाच्या वाट्याला आलेलं नाही. आत मजल्यावर मजले रचलेली खोकी, मधून पिवळ्या गाड्या सूर मारत फिरतायत, आणि देशातल्या कुणीतरी कालच मागवलेला कुकर, चपला, डायपर, सगळं आपापल्या गावाची वाट बघत बसलेलं. सुपरवायझर मुलगी हसतमुख. तिने आम्हाला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, मुक्ताची होणारी खुर्ची दाखवली. मी खोड काढायची म्हणून खूप शोधलं. एकही सापडली नाही. तीच अडचण होती.

परतताना रिक्षात दाजी हळूच म्हणाले, "मेहुणीबाई, मी काही राक्षस नाही. पण दीड वर्ष ही पोर रोज सकाळी उठून मोबाईल बघते आणि ठेवून देते. ते मला बघवत नाही."

मी दाजींना समजावण्यासाठी घरून दोन संवाद पाठ करून आणले होते. ते गिळून टाकले.

बुधवार. गल्ली ओलांडून

आता माझ्या प्रवासातला सर्वांत लांबचा टप्पा: पंधरा फूट.

मी कापडासाठी आले आहे हे सोंग तर निभावायला हवं. म्हणून सकाळी म्हटलं, "मुक्ते, चल, समोरच्या कारखान्यात कापड बघू." ती थबकली. तेव्हा कळलं की या पोरीने पंचवीस वर्षांत त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. कंपनांचा अभ्यास तिने पुण्यात केला, प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीतल्या छोट्या मोटारीवर. समोरचे माग म्हणजे तिच्यासाठी परीक्षेच्या दिवसांत लावून घ्यायची खिडकी.

दारातच इद्रिसभाई भेटले. पन्नाशीचे, बारीक, दाढीवर कापसाचे कण, अंगात बनियन, पाय अनवाणी. उत्तर प्रदेशातल्या मऊकडचे, पण भिवंडीत तीस वर्षं झालेली. मुक्ताला बघून त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"आओ बेटी, आओ! तू फ्रॉक में थी तब से देख रहा हूं खिडकी में. अंदर आने का रास्ता आज मिला?"

मुक्ता लाजली. मी पुढे झाले. "भाईसाब, हम सातारा से आया है. कापड देखने का है."

"सातारा! वो तो ठंडी जगह. कापड बाद में, पहले चाय."

चहाबरोबर कारखान्याशेजारच्या बेकरीची नानकटाई आली. तोंडात टाकली की ती होती की नव्हती असा प्रश्न पडावा, इतकी हलकी. तीन खाऊन मी खात्री करून घेतली.

मग आत गेलो. आत बोलणं नव्हतंच. माग दोन रांगांत मांडलेले, मधल्या बोळात इद्रिसभाई. आठ माग एकट्याने सांभाळायचे. उभे धागे ताणलेले, त्यांतून आडवा धागा घेऊन धोटा या टोकाचा त्या टोकाला आपटतो, सेकंदात कितीदा ते डोळ्यांना मोजता येत नाही. इद्रिसभाई आमच्याकडे तोंड करून धोट्यात सुताची नवी कांडी भरत होते. मध्येच ते गर्रकन वळले, पाठीमागच्या तिसऱ्या मागाकडे गेले, दांडा ओढून तो थांबवला आणि एक धागा बोटाने उचलून दाखवला. धागा अजून तुटलेला नव्हता. तुटायला आला होता.

पाठ होती त्यांची! मुक्ता आणि मी एकमेकींकडे बघितलं. दारात येऊन तिने विचारलं, "चाचा, पता कैसे चला?"

"आवाज से, बेटी. और क्या."

मुक्ताने फोनवर आवाज टिपून घेतला, कानाला लावला आणि मान हलवली. नुसती घरघर. त्यात कुठला माग कुठला, हे ओळखणं म्हणजे जत्रेत आपल्या पिपाणीचा सूर शोधणं.

इथे माझा प्रवेश. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. खाली खडबडीत कोबा, तेलाचे डाग, तारेचे तुकडे. माझ्यातली मावशी जागी झाली. "भाईसाब, ऐसा खुल्ला पांव? लोखंड घुस गया तो?"

"आदत है, मॅडम."

"आदत-बिदत काय नाय!" मी बूट काढले. आमच्या घराण्यात माझे पाय मापाबाहेरचे आहेत, नऊ नंबर. बरोबर बसले. ते नको नको म्हणत होते, पण पाहुण्या बाईचा शब्द मोडणं त्या माणसाच्या स्वभावात नव्हतं. ते माझे गुलाबी पट्ट्यांचे बूट घालून मागांमध्ये फिरू लागले. आजूबाजूचे कामगार हसून लोळायचे बाकी. मी अनवाणी दारात उभी, परोपकाराच्या आनंदात.

दहा मिनिटांत पाठचा एक माग बिघडला. इद्रिसभाईंना पत्ता नाही. आमच्या डोळ्यांसमोर कापडावर हातभर लांब फट पडत गेली. ते निस्तरेपर्यंत दुसरा. कारखान्याचा हिशेब बघणारे मेहताजी टेबलावरून उठून आले आणि हातवारे करून जे बोलले ते ऐकू न आलेलंच बरं. इद्रिसभाईंनी बूट काढून माझ्यासमोर ठेवले. घाम पुसला. दारात येऊन म्हणाले,

"मॅडम, माफ करना. आपके जूते ने मुझे बहरा कर दिया."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण मुक्ताने माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती त्या बुटांकडे बघत होती. माझ्या दुकानात एकदा एक लाजरी मुलगी झाशीच्या राणीचा वेश चढवून आरशासमोर उभी राहिली होती, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

"चाचा," ती म्हणाली, "फिर से पहनो."

"फिर से? बेटी, मेहताजी मेरी जान लेंगे!"

मेहताजींना मी सांभाळलं. फटी पडलेलं ते सगळं कापड मीच विकत घेतलं. मावळे लढाईत फाटतातच. मग दुपारभर त्या पंधरा फुटांवर जे चाललं ते मी नाट्यगृहातही पाहिलेलं नाही. आधी अनवाणी. मग बूट घालून. मग पुन्हा अनवाणी, पण कानांत कापसाचे बोळे कोंबून आणि वर माझी ओढणी करकचून बांधून. कापसाला तिथे काय तोटा! मुक्ता वहीत टिपत होती. कान बंद आणि पाय उघडे असताना त्यांनी सगळे बिघाड पकडले, एक सोडून. पाय बंद आणि कान उघडे असताना निम्म्याहून जास्त सुटले.

"सिद्ध झालं!" मी ओरडले.

"काहीच सिद्ध झालं नाही, मावशी," ती म्हणाली. एकच माणूस, एकच दुपार, आणि कदाचित बुटांची सवय नसल्यामुळेही चुकत असतील. पण असं म्हणताना ती हसत होती. अपुऱ्या पुराव्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

इद्रिसभाई आपल्या तळव्यांकडे असे बघत होते, जणू ते आत्ताच कुणीतरी भेट दिलेत. "तीस साल कान को सलाम करता रहा," ते म्हणाले. "नौकरी तो ये दोनों कर रहे थे!"

मला पडघ्याची दुधीवाली आठवली. जमीन कशी कळायची तुला? शास्त्रज्ञ एसटीतही बसतात.

गुरुवार. खारबाव, जिथे गेलो नाही

मुलाखतीसाठी दाजींनी आठवडाभर आधी बंदोबस्त केला होता. खारबावला त्यांच्या चुलतभावाचं घर. शेताच्या कडेला, शांत, इंटरनेट चांगलं. कुत्रं बांधून ठेवायला सांगितलेलं, कुकरच्या शिट्ट्या तीननंतर बंद. दोन वाजता रिक्षा दारात उभी. दाजी इस्त्रीच्या शर्टात, हातात सतरा जोडपत्रांची फाईल.

मुक्ता खिडकीशी टेबल लावून बसली होती.

"बाबा, मी इथूनच बोलणार आहे."

"इथून? या आवाजात?"

"खिडकी उघडून."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मुक्ता, दीड वर्षांत एक माणूस बोलायला तयार झालंय," दाजी म्हणाले. "एक. आणि तू त्यांना हा गोंधळ ऐकवणार?"

"तेच तर ऐकवायचंय, बाबा. माझा प्रश्न तिकडे आहे." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "खारबावला तो येणार नाही."

माग तेवढे बोलत होते. मग दाजी खाली गेले, रिक्षा परत पाठवली, खारबावला फोन करून कुत्रं सोडायला सांगितलं. वर आले आणि मधला पडदा ओढून त्यामागे स्टूल टाकून बसले, मांडीवर फाईल. "एखादं कागदपत्र मागितलं तर हाताशी असावं," म्हणाले. पडद्यामागे प्रॉम्प्टर बसतो ते मला माहीत होतं. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या शेजारी दाटीवाटीने उभ्या राहिलो. बजावलेलं होतं: शिंकायचं नाही, खोकायचं नाही, आणि मंदे, तू तर श्वाससुद्धा जपून घे.

चार वाजता पडद्याच्या फटीतून ती प्राध्यापिका दिसली. आखूड पांढरे केस, लाकडी खोली, इतकी शांतता की तिच्या कपाचा बशीवरचा आवाज आला. मुक्ताने नमस्कार केला आणि खिडकी उघडली.

बाई दचकल्या नाहीत. पुढे झुकल्या. डोळे मिटून ऐकू लागल्या.

मुक्ता इंग्रजीत बोलली, आणि मला निम्मंच कळलं, पण ते निम्मं असं: आपण यंत्राजवळ मायक्रोफोन लावतो. हा माणूस तीस वर्षं म्हणतो की मी कानाने ओळखतो. पण बूट घातले की त्याला ऐकू येत नाही. मग आवाजाच्याही आधी जमिनीतून त्याच्यापर्यंत काय पोचतं? आणि आठ मागांची थरथर एकाच जमिनीत मिसळलेली असताना, त्यातला एक तो वेगळा कसा काढतो? मला माहीत नाही.

शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली. मी तिला इतक्या अभिमानाने काही म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

बाई स्क्रीनवरून एकदम खाली गेल्या. दिसेनाशाच झाल्या. ताईने माझा हात दाबला. फोन तुटला की काय! एवढ्यात त्या वर आल्या, हातात स्वतःचा एक बूट. पाय जमिनीला लावून बसल्या असणार, कारण चेहऱ्यावर लहान मुलाचं कुतूहल होतं. त्यांच्या खोलीखाली कुठेतरी पाण्याचा पंप आहे म्हणे. आजवर त्यांना तो फक्त ऐकू येत होता.

मग प्रश्नोत्तरं झाली, तासभर. काही ठिकाणी मुक्ता अडली, काही ठिकाणी सरळ नाही म्हणाली. शेवटी तिने धीर करून विचारलं, माझ्या पत्रात तुम्हाला काय आवडलं?

बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, खरं सांगू? पत्र फार लांब होतं, मी बंद करणार होते. पण सगळ्यात खाली तुमचा पत्ता दिसला. यंत्रमाग कारखान्यासमोर. मला वाटलं, ही मुलगी माझ्या प्रश्नाच्या दारातच राहते.

पडदा हलला. वारा नव्हता. दाजींच्या मांडीवरची फाईल घसरली होती आणि ते ती उचलत नव्हते.

आणखी दोन उमेदवार आहेत, उद्या कळवते, असं म्हणून बाई गेल्या.

शुक्रवार

शुक्रवारी माग बंद असतात. सकाळी सहाला घरातले सगळे दचकून जागे झाले, शांततेमुळे. गिरणीही अजून सुरू व्हायची होती. ताई स्वयंपाकघरातून सवयीने ओरडली, "चहा घ्या!" आणि स्वतःच दचकली.

कुणी मेलचा विषय काढला नाही. दाजींनी टीव्हीवरचं वळचं पत्र उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. मुक्ताने माझे बूट एका पिशवीत घातले आणि वर तारीख टाकून चिठ्ठी चिकटवली. "मावशी, हे मला हवेत. पुढचे प्रयोग याच बुटांवर करायला लागतील." "जागा नाही मिळाली तर?" मी विचारलं. "तरीही," ती म्हणाली. "चाचांनी रविवारी बोलावलंय." अशा रीतीने मी, टाचा बाहेर राहिल्या तरी, ताईच्या चपलांची मालकीण झाले.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. इद्रिसभाई. पांढरा कुर्ता, पायांत सुट्टीच्या दिवशीचे सँडल, हातात नानकटाईचा पुडा. इतक्या वर्षांत तेही ही गल्ली ओलांडून या बाजूला आले नव्हते. दाजी उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली.

"क्या हुआ, बेटी? मेमसाब मानी?"

"पता नहीं, चाचा."

मी कंदी पेढ्यांचा डबा काढला. "निकालाआधी पेढे नाही वाटत," ताई म्हणाली. "साताऱ्यात वाटतात," मी ठोकून दिलं. इद्रिसभाईंनी पेढा तोंडात टाकून डोळे मिटले. दाजींनी नानकटाई घेतली. पंधरा फुटांवरची नानकटाई ते आयुष्यात पहिल्यांदा खात होते, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं, कारण त्यांनी दुसरी मागितली.

तेवढ्यात मुक्ताचा फोन टुणकन वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची असूनही खाली जमिनीवर बसली आणि मराठीत सांगू लागली, एकेक ओळ.

जागा तिची. चार वर्षं. पहिलं वर्ष संपलं की मोजमापाची यंत्रं घेऊन तीन महिने भिवंडीत यायचं, आणि श्री. इद्रिस यांची तयारी असेल, तर त्यांच्या तळव्यांपासूनच सुरुवात करायची.

ताई रडायला लागली. इद्रिसभाईंनी सँडल काढून पाय जवळ घेतले, दृष्ट लागू नये तसे. मी काय केलं ते सांगत नाही. दाजी मात्र तसेच उभे, हातात अर्धी नानकटाई. चेहरा शासकीय.

"अजून एक ओळ आहे," मुक्ता डोळे पुसत म्हणाली. "कराराचे कागद पोस्टाने पाठवणारेत. पण त्यांच्या फॉर्ममध्ये पत्त्याला दोनच ओळी आहेत. विचारतायत, तुमचा पत्ता थोडा छोटा केला तर चालेल का?"

आणि आमचे दाजी, गुरुवारी पडद्याआड तासभर श्वास रोखून बसलेले, आयुष्यात कधी आवाज न चढवलेले हेडक्लार्क, त्या शांत गल्लीत गिरणीवाल्यालाही ऐकू जाईल असे ओरडले,

"एक अक्षर गाळायचं नाही म्हणावं!"